क्वार्टर स्वस्त आहे म्हणून गळकं चालेल?

सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माणसानं घर गळतंय म्हणून तोंड उघडलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "एवढ्या कमी पैशात नाशकात घर मिळतंय कुठं?" नातेवाईक म्हणतात, ऑफिसातला क्लार्क म्हणतो, आणि कहर म्हणजे शेजारच्या काकूसुद्धा म्हणतात ज्यांच्या स्वतःच्या बाथरूमचं छत खाली आलंय.

तर आधी हिशोब करू. क्वार्टर मिळालं की पगारातला घरभाडं भत्ता बंद होतो. या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग पाडलेत, नाशिक वाय वर्गातलं, सातव्या वेतन आयोगात राज्यानं या वर्गाला मूळ पगाराच्या १६ टक्के भत्ता धरला आणि महागाई भत्ता वाढेल तसा तो वाढणार असं ठरलं. आता कुणाचा मूळ पगार २५,००० असेल तर १६ टक्क्यांनीच महिन्याचे ४,००० झाले, वर्षाचे ४८,०००. हे पैसे हातात येतच नाहीत आणि वर लायसन्स फी, म्हणजे क्वार्टर वापरायचे पैसे, कापून जाते ती वेगळी. म्हणजे आपण भाडं भरतोय, फक्त ते पगाराच्या स्लिपवर भाडं म्हणून दिसत नाही एवढंच. आणि समजा अगदी एक रुपया भाडं असतं, तरी पोराच्या डोक्यावर प्लास्टर पडू नये ही काय चैन आहे का?

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. जुलै-ऑगस्टात सगळं नाशिक गंगापूर धरण किती टक्के भरलं ते विचारत असतं, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं त्याचे फोटो टाकत असतं, आणि मी किचनच्या स्लॅबकडे बघत असते. आधी पिवळट डाग आला, मग तिथला रंग फुगला, मग एक दिवस ओट्यावर पोपडे पडले आणि वर आतली सळई दिसायला लागली, गंजून जाड झालेली, बोट लावलं तर पापुद्रे निघतात. तक्रार केल्यावर बऱ्याच दिवसांनी माणूस आला, घमेल्यात सिमेंट कालवलं, त्याच ओल्या गंजावर थापलं, थापी फिरवली, माझी सही घेतली आणि गेला. चांगला पाऊस झाला आणि ते थापलेलं सगळं गॅसच्या शेगडीवर. नशीब तेव्हा कढई नव्हती.

त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. पण ज्यानं सांगितलं त्याला हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही की गंज चढला की सळई फुगते आणि तीच काँक्रीटला बाहेर ढकलते. सैल झालेलं सगळं आधी ठोकून काढायचं, सळई घासून स्वच्छ करायची, तिला गंजरोधक कोट द्यायचा आणि मग नवीन मसाला भरायचा. आणि हे सगळं सुद्धा नंतरचं, आधी टेरेस! आमच्या टेरेसवर पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड पालापाचोळ्यानं बुजलेलं, कोबा (वरचा सिमेंटचा थर) तडकलेला, पाणी तिथंच साचून राहतं आणि मुरतं. वरून पाणी चालू ठेवून खालून लिंपत बसायचं, दर वर्षी तेच, आणि रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढं "तक्रार निकाली". निकाली!! या शब्दाची मला आता चीड येते.

सध्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय की घरमालक दुरुस्ती करत नसेल तर १५ दिवसांची नोटीस द्या, स्वतः करून घ्या आणि खर्च भाड्यातून कापा. मेसेज खोटा नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्यातलं कलम १४, आणि कापायची मर्यादा त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. पण त्याच कायद्याचं कलम ३ वाचा, सरकारच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागूच नाही. म्हणजे खासगी घरमालकाला जे बंधन घातलं त्यातून सरकारनं स्वतःला अलगद बाजूला काढून घेतलं. त्यामुळे कृपया क्वार्टरवाल्यांनी तो मेसेज वाचून स्वतःच्या खर्चानं वॉटरप्रूफिंग करू नका, लायसन्स फी पगारातून परस्पर कापली जाते, तुम्ही कशातून वळते करणार? (खासगी घरात ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी पण आधी आपल्या करारात दुरुस्ती कुणाकडे लिहिलीय ते बघावं.)

मग उरतं काय, तर कागद. फोन केला, साहेबांना भेटले, "बघतो ताई" म्हणाले, याला शून्य किंमत आहे. अर्ज दोन प्रतीत द्यायचा, आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. आणि अर्जात "घर गळत आहे" एवढंच लिहू नका, कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात, टेरेसवर त्याच्या वर काय आहे ते लिहा, फोटो जोडा, नाहीतर थापी घेऊनच माणूस येणार. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो म्हणून रडगाणं नको, सरळ मागा: माझ्या अमुक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेतल्या (एम. बी.) नोंदीची प्रत. एम. बी. म्हटलं की ऑफिसातला सूर बदलतो हे मी स्वतः पाहिलंय, कारण बिल त्या नोंदीवर निघतं.

आमचे हे घाबरतात, म्हणतात नोकरी त्याच खात्यात, कशाला वरच्यांच्या डोळ्यात यायचं. खरंय त्यांचं, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज मी माझ्या नावानं टाकला, नागरिक म्हणून, बायको म्हणून नाही.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. क्वार्टरमध्ये प्रत्येक जण पाहुणा आहे. कुणाची बदली व्हायचीय, कुणी रिटायरमेंटला आलंय, कुणाचा पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक झालाय. टेरेस सगळ्या विंगचं, पण तळमजल्यावरच्याला वाटतं ते वरच्यांचं दुखणं. अहो, तेच पाणी भिंतीतून उतरून तुमच्या मीटरच्या पेटीपर्यंत येतंय! एकट्याच्या अर्जावर घमेलं येतं, अख्ख्या विंगच्या सह्या असल्या तर निदान इंजिनिअर टेरेसवर चढून बघतो. आमच्याकडे चढला, टेप लावून मापं घेतली, एस्टिमेट वर पाठवलंय म्हणे. त्या एस्टिमेटची प्रत मी मागितलीय.

उंटवाडी, सातपूर, पंचवटी, कुठंही क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुणाला टेरेसचं पूर्ण वॉटरप्रूफिंग मंजूर करून घेता आलं असेल तर तुमच्या अर्जाचा फोटो कमेंटमध्ये टाका, नाव झाकून चालेल. पुढच्या पावसाच्या आत आमच्या विंगचा दुसरा अर्ज द्यायचाय.