प्लेटलेटच्या पिशवीत गाठी दिसल्या, की दोष दात्याचा?

'प्लेटलेट देताना पिशवीत गाठी झाल्या म्हणजे दात्याचं रक्त घट्ट. त्याने पुढच्या वेळी ॲस्पिरिन घेऊन यावं. कॅल्शियमची गोळी चघळू नये. गाठींची पिशवी वाया गेली.' डेंग्यूच्या दिवसांत हा मेसेज ग्रुपवरून ग्रुपवर फिरतो आणि चांगले दाते बिचकतात.

रक्ताचा दाटपणा मुख्यतः लाल पेशींवर ठरतो. गाठींचं कारण वेगळं: प्लेटलेट चेतवल्या जाऊन एकमेकींना चिकटतात. शीर चटकन सापडली नाही, सुई आत फिरवावी लागली, प्रवाह मंदावला, की हे घडतं. पण आधी पाहायचं ते एसीडी, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण. साधारण 10 ते 12 भाग रक्तामागे 1 भाग एसीडी लागतं. त्यातलं सायट्रेट रक्त गोठायला लागणाऱ्या कॅल्शियमला बांधून ठेवतं. नळीचा चिमटा (क्लॅम्प) उघडायचा राहिला किंवा नळी दुमडली तर हे प्रमाण बिघडतं. म्हणून ठिबकताना एसीडीचे थेंब डोळ्यांनी दिसलेच पाहिजेत. सगळं बिनचूक असूनही काही निरोगी दात्यांच्या पिशवीत गाठी होतात, कारण रक्तातून प्लेटलेट वेगळ्या करणाऱ्या मशीनमध्ये त्या दाटीने दाबल्या जातात.

ॲस्पिरिनचा सल्ला सर्वांत घातक. त्याने प्लेटलेटचं काम तिच्या उरलेल्या आयुष्यभर मंदावतं, आणि रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाच्या अंगात त्याच मंद प्लेटलेट जातात. म्हणून तर ॲस्पिरिन घेतल्यावर किमान 3 दिवस प्लेटलेट घेत नाहीत.

कॅल्शियमची गोळी देतात ती ओठांना मुंग्या येतात म्हणून. प्लेटलेट काढून घेतल्यावर मशीन उरलेलं रक्त दात्याला परत देतं, आणि त्याबरोबर सायट्रेट त्याच्या अंगात जातं. चघळलेल्या गोळीने पिशवीत गाठी होत नाहीत. मुंग्या आल्या तर लगेच सांगा, वेग कमी करता येतो.

पिशवी फेकायची घाई तर नकोच. ती जोरात हलवू नका, फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. थंडीने प्लेटलेटचा आकार बदलतो आणि रुग्णाच्या रक्तात त्या टिकत नाहीत. आधी पिशवी 20 ते 24 अंशांवर न हलवता आडवी ठेवायची, मग ॲजिटेटरवर, म्हणजे पिशवी हळुवार हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर. बहुतेक गाठी काही तासांत विरतात. न विरलेल्या गाठींची पिशवी मात्र रुग्णाला देत नाहीत. उजेडासमोर धरून हलकेच दाबा: चांगल्या पिशवीत रेशमासारख्या चमकत्या लहरी फिरताना दिसतात.