मास्क हनुवटीला, नियम फाइलीला

पाऊस स्थिरावला की गोव्यात घरोघरी ताप-खोकला सुरू होतो, आणि त्याच्या मागोमाग संसर्ग नियंत्रणाचे परिपत्रक येऊन थडकते. डॉक्टरबाब, घाबरू नका. परिपत्रक वाचायचे नसते. त्यावर झोकदार सही करून ते वॉर्डातल्या सिस्टरकडे सरकवायचे असते. पाळायचे तिने, राउंड घ्यायचा तुम्ही.

आधी मास्क. एन-९५ ला दोन इलॅस्टिक असतात. एक वरून डोक्यामागे उंचावर बसते, दुसरे कानांखालून मानेवर. तुम्ही खालचे लोंबते ठेवा. तेवढ्याने हनुवटीपाशी फट पडते आणि श्वास फिल्टरमधून न जाता फटीतून जातो. हवेलाही सोपी वाट आवडते, तुमच्यासारखीच. मग ९५ टक्के सूक्ष्म कण अडवणारे ते कापड नुसते शोभेला उरते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत बसवायची असते. तुम्ही ती एका हाताच्या चिमटीत धरा, म्हणजे मधोमध टोक येईल आणि दोन्ही अंगांनी हवा खेळेल. चष्म्यावर वाफ धरलीच तर दोष चष्मेवाल्याला द्या. दाढी तर राखाच. मास्कच्या कडेखाली केस आले की सील बसत नाही हे खरे, पण साथ दोन महिन्यांची आणि दाढी जन्माची. झडपेचा मास्क मिळाला तर फारच उत्तम. तो तुम्ही आत घेतलेली हवा गाळतो, बाहेर सोडलेली गाळत नाही. पेशंटचे पेशंट बघून घेईल.

बोलताना मात्र मास्क खाली ओढायला विसरू नका. समोरच्या आजीला ऐकू आले पाहिजे. ओढताना पुढचा भाग पकडा, कारण सगळा मळ तिथेच साठलेला असतो, आणि त्याच बोटांनी तिची नाडी बघा.

हात धुण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त-स्राव लागण्याचा संभव आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. पाचवा तर अगदीच चैनीचा. तुम्ही फक्त खाटेचा कठडा धरला होता, पेशंटला शिवलात कुठे? सॅनिटायझर सुमारे ३ मिली घेऊन २० ते ३० सेकंद चोळायचे असते, अंगठे आणि बोटांची टोके धरून. तुम्ही थेंबभर घ्या, दोन टाळ्या वाजवा, पुढच्या खाटेकडे वळा. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले, तेव्हा मोठमोठ्या प्राध्यापकांचे पित्त खवळले होते. इतकी जुनी परंपरा निदान तुमच्या हातून मोडू नये. अगदीच कोणी टोकले तर ग्लोव्हज घाला. एकच जोडी पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत, मधे एकदोन फोन घेऊन.

आता नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून श्वासावाटे देणारे यंत्र. दमेकऱ्याची धाप लागली की जनरल वॉर्डातच, चार खाटांच्या मधे, तो सुरू करा. स्पेसर, म्हणजे तोंडाशी धरायची नळकांडी, लावून इन्हेलर दिला तर पुष्कळ पेशंटांचे तेवढ्यावर भागते, पण त्यात धूर दिसत नाही आणि नातेवाइकांचे समाधान होत नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स इस्पितळात सार्सच्या एका रुग्णाला निदान होण्याआधी असेच नेब्युलायझर लावले होते. त्या वॉर्डातून शंभराहून अधिक जणांना लागण झाली, त्यात डॉक्टर, नर्स आणि शिकणारी पोरेही होती. पण ते हाँगकाँग. आपल्याकडे पंखा असतो.

पंख्यावरून आठवले, ओपीडीची जागा. आपल्याकडचे बरेच जुने दवाखाने घरातच थाटलेले. पुढे बाल्कांव, म्हणजे उघडा व्हरांडा, दोन्ही बाजूंना दगडी सोपो, म्हणजे बसायचे बाक, वारा आरपार. खोकणाऱ्यांना बसवायला याहून बरी जागा नवा आर्किटेक्टही काढून देणार नाही. ती आधी काचांनी बंद करा आणि स्प्लिट एसी लावा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, म्हणजे सकाळी नऊच्या पेशंटचा खोकला अकराच्या पेशंटला गारेगार मिळतो. ओपीडीत दर माणशी सेकंदाला ६० लिटर ताजी हवा हवी, हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या खोलीत १६० लिटर, असे कागदावर आहे. खिडकी उघडली तर पावसाची झड येते, तेव्हा विषय संपला. खोकल्याचा मोठा थेंब जवळच पडतो, ५ मायक्रॉनहून बारीक तेवढाच हवेत तरंगतो, ही रेघ हल्ली जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२४ मध्ये पुसून टाकली. तुम्ही जुनी धरून राहा. खुर्च्या मीटरभर लांब ठेवल्या की झाले.

अंगातला गाऊन काढण्याची कला वेगळीच. नियमाने क्रम असा: ग्लोव्हज, मग हात धुणे, गॉगल, गाऊन आतली बाजू बाहेर करून गुंडाळत, मग खोलीबाहेर येऊन मास्क, खालचे इलॅस्टिक आधी, वरचे नंतर, आणि पुन्हा हात धुणे. मास्क शेवटी, कारण गाऊन सोलताना उडते ते नाकात जाऊ नये. पण आपल्या उकाड्यात तासाभरात माणूस घामाने निथळतो. तुम्ही मास्कच आधी ओरबाडा, खोलीतच, दीर्घ श्वास घ्या, मग बाकीचे सावकाश. गाऊन खुंटीला अडकवा, दुपारच्या पाळीला चालेल. मास्क पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत, हे रंगकाम सफाईवालीचे. तिला जाड ग्लोव्हज दिलेत का, असे विचारू नका, स्टॉक तपासावा लागेल.

जमीन पुसायचा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ५ टक्क्यांचा असेल तर एक भाग हायपोला चार भाग पाणी, म्हणजे १ टक्का होतो, आणि तो रोज नवा करायचा. तुम्ही सोमवारी एकदाच कालवा, पांढऱ्या पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवा. उन्हाने क्लोरिन उडून जातो, वास तेवढा उरतो, आणि शनिवारी तपासणी आली तर वासावरच भागते.

लस साथ शिगेला पोचल्यावर घ्या. तिला काम सुरू करायला दोनेक आठवडे लागतात, तोवर साथ ओसरलेली असते. स्वतःला कणकण आली तर पॅरासिटामॉल घेऊन राउंडला जा. लक्षणे दिसायच्या आदल्या दिवसापासून फ्लू पसरतो, म्हणजे काल पसरवलाच आहे, आज घरी बसून काय साधणार? सिस्टरला ताप आला तर मात्र तिची रजा बिनपगारी मांडा, आणि नोंदवहीत लागण कुठून या रकान्यात 'बाजारातून' लिहा. चवथीच्या आधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे, सामान आणायला ती म्हापशाच्या बाजारात गेली होती, हे तिने स्वतःच सांगितलेले आहे.