‘घरातलं भांडण चव्हाट्यावर’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

महोदय,

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने मागास मुसलमानांसाठी जागा राखाव्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपली भलीमोठी प्रतिक्रिया आली. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणारं घटनेचं कलम ३०, सरकारचा हेतू, लेखाची वेळ, असं बरंच काही तिच्यात आहे. मला लागलं ते एकच वाक्य: ‘घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडून टाळ्या मिळवणाऱ्यांपैकी तुम्ही एक.’

टाळ्या कोणाच्या, ते आपण लिहिलेलं नाही. टोमणा मारायचा आणि नाव घ्यायचं नाही, ही पद्धत मला आवडत नाही. स्वतःचं नाव न लावता लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या नियतीवर बोट ठेवावं, हे तर अजिबातच नाही.

मी बागवान आहे, फळं-भाजी विकणाऱ्या मुस्लिम ओबीसी जातीतला. वडील बार्शीत गाड्यावर फळं विकायचे. मंडलनंतर जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, फळांच्या व्यापाऱ्याच्या घरात वाढलेले दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले, तेव्हा वडील धंदा बंद ठेवून सभांना जायचे. ‘इस्लाममध्ये जात नाही, तुम्ही कौम (मुस्लिम समाज) फोडताय,’ हे त्यांनाही ऐकावं लागलं. आपलं वाक्य त्यामुळे माझ्यासाठी नवं नाही. आमच्या घरात ते दोन पिढ्या ऐकलं गेलंय.

बहिणीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीपुढे नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलेलं होतं. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांनी तहसीलचे उंबरे झिजवले. शेवटी आजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात ‘बागवान’ सापडलं, तेव्हा तिला डी.एड.ला ओबीसीतून प्रवेश मिळाला. आज ती शिक्षिका आहे. ती जागा राज्याच्या यादीने दिली. कौमच्या कुठल्याही संस्थेने दिलेली नाही.

मी स्वतः एका मुस्लिम संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलो. संस्थेचं नाव घेत नाही. तिथे नव्या मुलाला पहिला प्रश्न असायचा, ‘खानदान कोणतं?’ माझं उत्तर ऐकलं की समोरच्याचा सूर बदलायचा. उच्च मानल्या जाणाऱ्या सय्यदांच्या मुलाला वेगळी खोली आणि आम्हाला कोपरा, हे मी पाहिलंय. त्या वेळी हे घर माझंही आहे, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. आता मी बोललो की ते एकदम ‘आपलं घर’ होतं. महोदय, हे चालणार नाही.

एक गोष्ट मान्य. अलीगढच्या निम्म्या जागा तिथल्याच शाळा-कॉलेजांतून पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांना असतात. त्या धर्मावर नाहीत, तिथे शिकलेल्या हिंदू मुलालाही मिळतात. हे आपण लिहिलंत ते बरं झालं, इतर वाचकांसाठी नोंदवून ठेवतो.

कलम ३० मला शिकवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या अजीज बाशा निकालाने अलीगढला अल्पसंख्याक संस्था मानायला नकार दिला, ८ नोव्हेंबर २०२४ ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी त्यामागचं तत्त्व मोडीत काढलं आणि विद्यापीठाच्या दर्जाचा निर्णय नियमित खंडपीठाकडे सोपवला. त्या निकालाचं मी उघड स्वागत केलंय, याच पानावर केलंय. तो दर्जा अलीगढला मिळावा, असंच मला वाटतं. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये जे रोवलं ते मुसलमानांनीच उभं केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सरकारचा हेतू काय, लेखाची वेळ कोणती, यावर मी वेळ घालवणार नाही. वेळ कधीच बरोबर नसते, हे वडिलांनाही सांगितलं गेलं होतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या आरक्षणाच्या २००६ च्या कायद्यातून अल्पसंख्याक संस्थांना सूट आहे. सूट आहे, मनाई नाही. दिल्लीच्या जामिया मिल्लिया विद्यापीठाला २०११ मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा तिने मुसलमानांसाठीच्या निम्म्या जागांमध्ये एकूण जागांपैकी १० टक्के मुस्लिम ओबीसी आणि अनुसूचित जमातींना वेगळ्या दिल्या, १० टक्के मुस्लिम मुलींना दिल्या. त्याने जामिया बुडाली नाही, कौम फुटली नाही. दलित मुसलमानांना तर १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतूनच बाहेर ठेवलंय. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले, सफाईकाम करणाऱ्या हलालखोरांसारखे दलित मुसलमान अजून बाहेरच आहेत. सरकार त्यांना घेत नाही. मग निदान अलीगढने तरी घ्यावं, यात कौमद्रोह कुठे आला?

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर माझ्या नियतीबद्दल लिहू नका. जामियाने जे केलं ते अलीगढने का करू नये, तेवढं लिहा.