रक्तात उतरलं नाही म्हणून वाया गेलं?

‘तोंडावाटे घेतलेलं बर्बेरीन १ टक्कासुद्धा रक्तात उतरत नाही, तेव्हा ह्वांगल्येनच्या गोळ्या निरुपयोगी’ हे चिनी औषधांवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. (ह्वांगल्येन ही जुलाबावर दिली जाणारी चिनी वनस्पती, बर्बेरीन हे तिच्यातलं पिवळं द्रव्य.) आकडा ठीक, पण जुलाबावरचं औषध आतड्यातच राहिलं तर बिघडलं कुठे? त्याचं काम तिथेच तर आहे! आतड्याच्या पेशी ते परत बाहेर ढकलतात हे खरं. पण तिथले जिवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरीन करतात, ते जास्त सहज शोषलं जातं आणि पुढे त्याचं पुन्हा बर्बेरीन होतं.

मी औषधाच्या दुकानात असतो. आपल्या दारुहळदीतही हेच द्रव्य, चूर्ण बोटांना लागलं की पिवळंजर्द. ‘झाडपाल्याचंच आहे ना, द्या’ म्हणणारे रोज येतात. खरी काळजी वाटते ती ज्येष्ठमधाची. पोटाच्या चिनी काढ्यांत तो बऱ्याचदा असतो. त्यातल्या ग्लिसिरायझिन या गोड द्रव्याला जोडलेली साखर आतड्यातले जिवाणू तोडतात आणि उरलेलं आम्ल मात्र छान शोषलं जातं. बरेच दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती.