‘चोचले’ म्हणणाऱ्या दादांना

परवाच्या गुलाबाच्या कोल्ड फोमच्या (म्हणजे गार दूध घुसळून केलेला फेस) पोस्टवर एका दादांची कमेंट आलीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: "मॅडम, टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्यात हे पुण्या-मुंबईचे चोचले कशाला? फोम तर दोन मिनिटांत बसला. आणि तुमच्या मापानं गुलाबजल टाकलं तर साबण प्यायल्यासारखं लागलं."

गुलाबजलाचं आधी सांगते. पाव चमच्याच्या जागी एक चमचा टाइप झालं, माझी चूक, कबूल, पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. झालं? पण मेडिकलमधलं तोंडाला लावायचं गुलाबजल घेतलं असेल ना दादा, तर पाव चमचा टाका नाहीतर दोन थेंब, साबणच लागणार.

आता चोचले. हा शब्द तुम्ही कुणाला वापरायलात? माझं माहेर परभणीचं, सासर लातूरचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी ह्याच घरात होते, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून तेच तुळशीला घालायचे, त्यामुळे टँकर काय असतो ते मला कमेंटमध्ये शिकवू नका. आणि ह्या फोमला पाणी लागतं कुठं ओ? शंभर मिली दूध, दोन चमचे गुलाबाचं सरबत, ते पाव चमचा गुलाबजल, संपलं. तुम्ही आंघोळीला शॉवर वापरत असाल तर मी काही बोलले का?

आणि पुण्या-मुंबईचे म्हणे! माझी आजी दुपारी ताक घुसळायला बसायची, दोरीची रवी, एक पाय डेऱ्याला टेकवलेला, आणि लोणी यायच्या आधी जो पांढरा फेस वर चढायचा तो पळीनं काढून माझ्या वाटीत घालायची, वर बोटभर गुलकंद. बाहेर बेचाळीस डिग्री. ती बाई पुण्याला आयुष्यात एकदा गेली, तेही लग्नाला. त्या वाटीला नाव नव्हतं, आता त्यालाच कॅफेवाले कोल्ड फोम म्हणून दीडशे-दोनशे रुपये घेतात, मी घरी करते तर ते चोचले. म्हणजे गरमीत गार, वासाचं काहीतरी प्यायची हौस आपल्याकडच्या बाईनं करायचीच नाही का? रसना प्या म्हणाला नाहीत तेवढं नशीब.

फोम बसला म्हणता, पण दूध कुठलं घेतलं ते लिहिलंच नाही तुम्ही. म्हशीचं सायीचं असणार, तेही नुसतं निवलेलं. फेस धरून ठेवतं ते दुधातलं प्रोटीन, फॅट जास्त झालं की तो टिकत नाही, म्हणून तर डबल टोन्ड, दीड टक्का फॅटवालं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं घ्या असं पोस्टमध्ये ठळक अक्षरात आहे. वाचायचं नाही अन् बोलायला पुढं. जास्त काही सांगत नाही त्यावर.

एक राहिलंच, ते ‘मॅडम’ ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला कळतो. ताई म्हणा नाहीतर काहीच म्हणू नका.

रविवारी केवड्याचा फोम टाकतेय. माप ह्या वेळी दोनदा तपासून टाकीन.