जिराफ साडेचारला येतो

आपल्या घरातले मूल एक वर्षाचे होत असेल तर अभिनंदन. परंतु वाढदिवसाची थीम अजून ठरली नसेल, तर ते अभिनंदन जरा घाईनेच स्वीकारावे, कारण आधीच उशीर झालेला आहे. ज्या काळी वाढदिवस म्हणजे शेजारची चार मुले, केकचा एक तुकडा, मूठभर वेफर्स, एक समोसा आणि पंख्यापासून चारही कोपऱ्यांपर्यंत ताणलेल्या रंगीत कागदाच्या झिरमिळ्या एवढेच असे, त्या काळी ‘विषय काय?’ असे कुणी विचारत नसे. मूल वर्षाचे झाले, हाच विषय पुरत असे. आता तो पुरत नाही.

विषय म्हणून जंगल निवडावे. अंतराळ, समुद्र, परीराज्य हेही पर्याय आहेत, पण जंगलाचे सामान कोठेही भाड्याने मिळते आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद करावा लागत नाही. मात्र जंगल म्हणजे आपल्याकडचे जंगल, असा गैरसमज करून घेऊ नये. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आहे आणि राज्यपक्षी हरियाल आहे, ही माहिती स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडत असली तरी सजावटवाल्याच्या गोदामात शेकरू नसतो. तेथे जिराफ असतो, झेब्रा असतो, सिंह असतो आणि उरलेली फट बुजवायला एक गुलाबी फ्लेमिंगो असतो. या चौघांपैकी ठाण्याच्या खाडीत आणि उजनीच्या पाणवठ्यावर नेमाने हजेरी लावणारा तो फ्लेमिंगोच काय तो आपल्या राज्यातला, आणि नेमके त्यालाच जंगलात राहता येत नाही. परंतु गुलाबी रंग छायाचित्रात उठून दिसतो, तेव्हा त्याला राहू द्यावे.

तारखेचा वाद घालत बसू नये. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्यामुळे तिथीने वाढदिवस दहा-अकरा दिवस आधी येतो, आणि मध्ये अधिक महिना पडला तर अठरा-एकोणीस दिवस पुढे जातो. घरातल्या थोरांना तिथी सांगावी, कचेरीत तारीख सांगावी आणि कार्यक्रम मात्र जिराफ ज्या शनिवारी मोकळा असेल त्या शनिवारी ठेवावा. आमच्याकडे हाच क्रम पाळला गेला. सजावटवाल्याने फोनवर सांगितले, ‘जिराफ साडेचारला येतो, त्याआधी नाही, दुपारी त्याचं दुसरीकडे आहे.’ पुढचे सारे नियोजन त्या वाक्याभोवती बांधले गेले. केक, निवेदक, छायाचित्रकार, पाहुणे आणि चिरंजीवांची दुपारची झोप यांना जिराफाच्या सोयीने आपापल्या वेळा बदलून घ्याव्या लागल्या. चिरंजीवांनी तेवढ्या बदलल्या नाहीत.

निमंत्रणात ‘आपले आशीर्वाद हीच आमची भेट’ असे लिहावे. याचा अर्थ पाकीट, हे सर्वांना ठाऊक असते, आणि वर एक रुपयाचे नाणे चिकटवलेली पाकिटे यथाकाल येतातच. त्याच निमंत्रणात पोशाखाचे रंगही कळवावेत. रंगांची नावे अशी असावीत, की ती कापडाच्या दुकानात कुणाला सांगता येणार नाहीत. आम्ही ‘सेज ग्रीन आणि बेज’ असे कळवले होते. माझ्या आईने सेज म्हणजे कोणता असे तीन जणांना विचारले आणि शेवटी तुरीच्या शेंगेच्या रंगाची साडी नेसली. विशेष म्हणजे तीच अचूक निघाली.

आता मुख्य अडचणीकडे वळू. कौटुंबिक वाढदिवसाच्या आखणीत फुगे, केक, सभागृह यांपैकी कशाचाही म्हणावा तसा त्रास होत नाही. त्रास होतो तो कुटुंबाचा. फुगे सांगितलेल्या रंगाचे येतात, आत्या येत नाही. आमची आत्या येवल्याची गर्द जांभळी पैठणी नेसून दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला अत्यंत आदराने पोशाखाच्या रंगांची आठवण करून दिली. तिने पदर पसरून दाखवला. पदरावर मोर होते. ‘मोर जंगलातलाच ना रे?’ एवढेच तिने विचारले, आणि या युक्तिवादाला मला आजतागायत उत्तर सापडलेले नाही. अशा व्यक्तींना छायाचित्रात दुसऱ्या रांगेत, शक्यतो केळीच्या कृत्रिम पानांच्या मागे उभे करावे, असे छायाचित्रकार सुचवतो. तो आमच्या आत्याला ओळखत नव्हता.

पुरुष मंडळी तुलनेने सोपी असतात. माझे आजोबा, म्हणजे उत्सवमूर्तीचे पणजोबा, पांढरा लेंगा, पांढरा सदरा आणि काळी टोपी याखेरीज दुसरे काही घालत नाहीत. त्यांना झेब्र्याशेजारी खुर्ची दिली आणि रंगसंगतीचा प्रश्न आपोआप मिटला.

सजावटीच्या बाबतीत कायद्याची थोडी माहिती असणे चांगले. ती असूनही काही करता येत नाही, याचे एक वेगळेच समाधान मिळते. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी घातलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंची यादी सरकारने एखाद्या वाढदिवसाला हजर राहूनच केली असावी, असे वाटते. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकचे चमचे-पेले, मिठाईच्या खोक्यावरचे आणि निमंत्रणपत्रावरचे प्लास्टिकचे वेष्टन, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलक, असे सारे त्यात आहे. आपण सजावटवाल्याला हे वाचून दाखवावे. तो नम्रपणे ऐकून घेईल आणि ‘ते आता सगळं बंदच आहे साहेब’ असे म्हणत थर्माकोलचा हत्ती टेम्पोतून उतरवील. गॅसचे फुगे हवे असतील तर त्यात हीलियम आहे की हायड्रोजन, असेही विचारून पाहावे. पहिला पेटत नाही आणि दुसरा स्वस्त पडतो. आपल्याला उत्तर ‘गॅस’ असे मिळेल. केकवर मेणबत्ती पेटवल्यावर तिच्या आसपास हे फुगे राहतील आणि उत्साही भाचेमंडळी त्याच क्षणी फेसाचे स्प्रे उडवतील, अशी दक्षता घेतली म्हणजे सोहळ्याला अपेक्षित उत्कंठा येते. त्या डब्यावर तो ज्वालाग्राही असल्याची सूचना छापलेली असते. अक्षर बारीक असल्यामुळे ती वाचता येणारी माणसे नेमकी स्प्रे उडवणाऱ्या वयाची असतात.

औक्षणाला निवेदकाच्या वेळापत्रकात चार मिनिटे मिळतात. ती साबणाच्या फुग्यांचे यंत्र आणि जादूचे प्रयोग यांच्या मधली असतात, आणि तेवढ्यात पाट, पाटाभोवती रांगोळी, ताम्हन, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी एवढे सारे उरकावे लागते. आमच्याकडे पहिली दोन मिनिटे वातानुकूलन कोठून बंद होते हे शोधण्यात गेली, कारण त्या झोतापुढे वात टिकेना. निवेदकाने ती पोकळी ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ असे सांगून भरून काढली, आणि लोकांनी विझलेल्या निरांजनाला टाळ्या दिल्या. मग आईच्या लक्षात आले, की कुंकू लावायला कपाळच नाही. चिरंजीवांना कपाळ झाकणारी सिंहाची आयाळ घातलेली होती; कृत्रिम केसांची ती टोपी मे महिन्यात एक वर्षाच्या बाळाने तासभर डोक्यावर ठेवावी अशी आमची अपेक्षा होती. आईने कुणालाही न विचारता ती काढून टाकली. जावळ आठच दिवसांपूर्वी काढलेले असल्यामुळे आतून एक तुळतुळीत, घामेजलेला सिंह बाहेर आला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच हसला. त्याने ज्योतीकडे हात नेला, तो अडवला गेला. मग सुपारी उचलून तोंडाकडे नेली, तीही काढून घेण्यात आली. हा प्रसंग छायाचित्रांत नाही. छायाचित्रकाराने त्याच चार मिनिटांत जिराफाचे तपशीलवार चित्रण करून घेतले.

तिटीचेही सांगून ठेवतो. आईने बाळाच्या गालावर काजळाची तीट लावली होती, ठसठशीत, मुगाएवढी. पंधरा दिवसांनी छायाचित्रे आली तेव्हा प्रत्येक छायाचित्रातून ती नाहीशी झालेली होती, कारण संगणकावर चेहऱ्यावरचे डाग काढणे हे त्यांच्या पॅकेजमध्येच होते. वास्तविक दृष्ट लागण्यासारखे जे काही होते, ते आता त्या छायाचित्रांतच होते. आईने लॅपटॉप मिटायला लावला आणि मीठ-मोहरी, मिरच्या घेऊन मुलावरून दृष्ट काढली.

जेवणात पदार्थापेक्षा पाटीकडे लक्ष द्यावे. बटाट्याच्या काड्यांपुढे ‘मगरीचे दात’, साबुदाणा वड्यापुढे ‘हत्तीची पावले’, कोकम सरबतापुढे ‘पाणवठा’ अशा पाट्या लावल्या म्हणजे निम्मे काम होते. आमच्याकडे ‘सिंहाची शिकार’ या पाटीखाली पनीर चिली ठेवली होती आणि कंसात ‘कांदा-लसूणविरहित मिळेल’ असे नमूद केले होते. पास्ता समोर करून देणाऱ्या माणसापाशी ज्येष्ठांची रांग लागते ती पास्त्यासाठी नसते; तो माणूस गॅसजवळ उभा असल्यामुळे तेथे थोडा मसालेभात मिळेल, अशी त्यांची समजूत असते. केक तीन मजली असावा आणि त्याचा वरचा थर साखरेच्या लगद्याचा असावा. दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखर घातलेले काही देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा उत्सवमूर्तीसाठी घरून वेगळा डबा न्यावा. चिरंजीवांनी त्या दिवशी मऊ वरणभात आणि साजूक तूप खाल्ले, आणि त्या डब्याकडे किमान तीन पाहुणे टक लावून पाहत होते.

खेळांसाठी निवेदक असा निवडावा, की ज्याला मराठी येते पण ध्वनिवर्धक हातात आल्यावर आठवत नाही. वर्षाच्या मुलाला कोणताच खेळ खेळता येत नसल्यामुळे खेळ मोठ्यांचे होतात, आणि मोठ्यांपैकी जे नाही म्हणू शकत नाहीत त्यांचे होतात. आजोबांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्या हातात सिंहाचे कापडी शेपूट देण्यात आले. ते काठी टेकत सावकाश चार पावले चालले, सिंहाला वळसा घातला आणि शेपूट निवेदकाच्या पाठीवर नेमके जागच्या जागी लावले. सभागृह हसून हसून कोलमडले. पट्टी सैल होती, हे त्यांनी मला घरी आल्यावर सांगितले.

सर्वांत मोठा धोका मात्र विषयाच्या जाणकार नातेवाइकाचा असतो. शक्यतो त्याला बोलावू नये. माझा मामा जुन्नर तालुक्यातला, ऊस आणि कांदा करणारा. त्या भागात बिबट्या उसातच राहतो, उसातच वितो, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. मामा प्रवेशद्वाराशी आला आणि प्लायवुडच्या बिबट्यासमोर थांबला. बराच वेळ त्याने ते चित्र निरखले. मग सजावटीच्या मुलाला म्हणाला, ‘बाळा, ह्याचं भाडं किती?’ मुलाने एका संध्याकाळचे बाराशे सांगितले. ‘आमच्याकडं महिनाभर झाला मुक्कामाला आहे,’ मामा म्हणाला, ‘दोन शेरडं आणि एक कुत्रं नेलं. तुम्ही नेता का?’ एवढे झाल्यावर दारात उभ्या असलेल्या माझ्या कचेरीतल्या मंडळींना जंगलाचा म्हणावा तसा आनंद घेता आला नाही. ते मामाभोवती गोळा झाले आणि रात्री उसाला पाणी धरायला जाताना घुंगराची काठी का वाजवतात, हे केक कापून होईपर्यंत ऐकत राहिले. निवेदकाने तीनदा हाका मारल्या. थीम बिघडते ती अशी.

जाताना पाहुण्यांना मुलाचे छायाचित्र चिकटवलेला डबा द्यावा. तो कुणी वापरत नाही आणि कुणी टाकूही शकत नाही.

साडेनऊला जिराफ गेला. त्याची मान टेम्पोत मावेना, तेव्हा ती वेगळी काढून झेब्र्याच्या पायांत आडवी ठेवण्यात आली. चिरंजीव कधीच झोपले होते.

यातून सवड मिळताच पुढच्या सोहळ्याच्या तयारीला लागावे. आमच्या घरात आता आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. हजार पौर्णिमा पाहायला ऐंशी वर्षे आणि साधारण दहा महिने लागतात, पण ते कोठून मोजायचे याचा पत्ता नाही, कारण कागदोपत्री त्यांचा जन्म १ जूनचा आहे. ती तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली आहे आणि त्यांच्या वर्गातल्या जवळजवळ सर्वांना तीच वाटून दिलेली आहे. त्यांची आई एवढेच सांगत असे, की भुईमुगाच्या काढणीत झालास. सजावटवाल्याला मी चंद्राची थीम विचारली. त्याच्याकडे अंतराळ आहे: एक यान, शनीची कडी आणि एक अंतराळवीर, जून महिन्यात मोकळा. आजोबांना विचारले तर म्हणाले, ‘करायचंच असलं तर काढणीच्या वेळेला करा, आणि पातेलंभर शेंगा उकडा.’ सजावटवाल्याकडे शेंगा नाहीत. अंतराळवीराची आगाऊ रक्कम मी भरून टाकली आहे.