सौदेबाज सुधारकांच्या बाजूने

अमेरिकेतल्या ‘लिबरल’ मंडळींबद्दल आपल्याकडे दोनच सूर लागतात: एक तर देवमाणसं, नाहीतर देशबुडवे. दोन्ही पार्ट्यांना मला कामगारांसाठी कायदे व्हावेत म्हणून झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स या बाईंबद्दल सांगायचंय.

२५ मार्च १९११, न्यूयॉर्क. ट्रँगल कंपनीच्या शिलाई कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद. पोरी खिडक्यांतून उड्या टाकत होत्या. १४६ जीव गेले, बहुतेक इटली आणि पूर्व युरोपातून आलेल्या कोवळ्या मुली. पर्किन्स जवळच कुणाकडे चहाला आल्या होत्या. त्या धावत गेल्या आणि हे सगळं त्यांनी खाली रस्त्यावरून पाहिलं.

यानंतर ‘समाज जागा झाला’ असं लिहून मोकळं होता येत नाही. कायद्याला मतं लागतात, आणि ती टॅमनी हॉलच्या खिशात होती. टॅमनी म्हणजे शहरातली डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा. नोकऱ्या वाटायच्या, पैसे खायचे, परदेशातून आलेल्यांची मतं बांधायची. शिकल्यासवरल्या सुधारकांना तिचा विटाळ! पर्किन्सबाईंनी मात्र तिथल्याच बिग टिम सलिव्हन या आमदाराला हाताशी धरलं. १९१२ साली बायकांच्या कामाला आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घालणारं विधेयक अडकलं होतं. फळं-भाज्या डबाबंद करणारे कारखाने वगळा, अशी अट पुढे आली. बाई ती नाकारतील असा अनेकांचा होरा होता. त्यांनी मान्य केली. सलिव्हन घरी जायला बोटीकडे निघून गेला होता. त्याला धक्क्यावरून परत बोलावलं, मतदान झालं, विधेयक पास.

मला हे आवडतं. तत्त्व कुरवाळत घरी बसण्यापेक्षा हे बरं.

पण पुढचा हिशेबही मांडायला हवा. १९३३ मध्ये याच बाई राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या मजूरमंत्री झाल्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९३५ ला सोशल सिक्युरिटी, म्हणजे वर्गणीतून म्हातारपणी पेन्शन देणारी सरकारी योजना आली, १९३८ ला तासाला २५ सेंट किमान वेतन. दोन्हींतून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया बाहेर! या लोकांकडून वर्गणी वसूल करणं अवघड, असं सोशल सिक्युरिटीच्या वेळी अर्थखात्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण दक्षिणेत ही कामं मोठ्या प्रमाणावर काळे लोक करायचे, आणि दक्षिणेतल्या डेमोक्रॅट खासदारांच्या मतांशिवाय काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पान हलत नव्हतं, हेही तितकंच खरं.

‘आत्ता एवढं घेऊ, बाकीचं नंतर’ यातलं ‘नंतर’ किती लांबतं? सोशल सिक्युरिटीचं दार १९५० मध्ये थोडं किलकिलं झालं. किमान वेतन शेतमजुरांना १९६६ च्या दुरुस्तीने मिळालं, घरकामगारांना १९७४ च्या. आणि युनियन करायचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या वॅग्नर कायद्यात हे दोघे आजही नाहीत. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये शेतमजुरांसाठी स्वतःचा कायदा केला, तोही त्यांनी वर्षानुवर्षं संप आणि द्राक्षांवर बहिष्कार चालवल्यावर.